ग्राउंड करून अभ्यासिकेत बसलं की डोकं चालत नाही, सप्लिमेंट घेऊ का?

भीमाकाठचा
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण वाचा. मी पोलीस भरतीची तयारी करतोय, गाव पंढरपूरकडचं, सध्या पुण्यात पेठेत रूम करून राहतोय, तिघं जण आहोत. सकाळी साडेपाचला ग्राउंड. कधी चारशे मीटरचे रिपीट (जोरात पळायचं, थांबायचं, परत पळायचं), कधी टेकडी, मग गोळा आणि शंभरचे स्टार्ट. सर चांगले आहेत पण पार पिळून काढल्याशिवाय सोडत नाहीत. साडेसातला मोकळा होतो, रूमवर अंघोळ, चहा, आणि नऊला अभ्यासिकेत जागेवर.

खरी बोंब तिथून पुढं आहे. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात पण आत काही शिरत नाही. काळ-काम-वेगाचं जे गणित रात्री चुटकीसरशी सुटतं तेच सकाळी दहाला नुसतं बघत बसतो, बुद्धिमत्तेत दिशा विचारल्या की उजवं डावं कळंना. झोप येते असंही नाही, नुसतं सुन्न. ग्राउंडला सुट्टी असली की त्या दिवशी असलं काही होत नाही म्हणजे भानगड व्यायामाचीच आहे. आणि दोन्हीतलं एक पण सोडता येत नाही, लेखी १०० ची, ग्राउंड ५० चं, १६०० मीटरला ५ मिनिटं १० सेकंदाच्या आत आलं तरच पूर्ण २० मार्क.

परवा एका सप्लिमेंटच्या दुकानात गेलो तर त्यानं प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर), बीसीएए (प्रोटीनमधले काही घटक), क्रिएटिन (ताकदीची पावडर) आणि ब्राह्मी-जिन्को (वनस्पतींचे अर्क) असलेल्या कसल्या तरी ब्रेनच्या कॅप्सूल असा सगळा संच समोर मांडला. सगळं मिळून मेसच्या पैशापेक्षा जास्त होतंय. घरी माळ आहे, अंडं पण खात नाही. यातलं खरंच कशानं डोकं चालू राहतं का? एकच घ्यायचं तर काय घ्यावं?

लोखंड_उचल
भावा सिंपल आहे, प्री-वर्कआउट घे. ग्राउंडच्या वीस मिनिट आधी उपाशीपोटी फुल स्कूप, अंगाला मुंग्या आल्या की समज लागलं. मी दोन वर्षं घेतोय, ऑफिसात दुपारपर्यंत एकदम करंट असतो. बीसीएए पाण्यात टाकून पीत राहा. ब्रेन कॅप्सूलचं माहीत नाही.

सुका_बोंबील
मुंग्या येतात त्या बीटा-ॲलनिन नावाच्या त्यातल्या घटकाच्या, त्याचा डोक्याशी काही संबंध नाही, मुंग्या आल्या म्हणजे पैसे वसूल असं वाटतं एवढंच.

भीमाकाठचा, मी पोलीस खात्यात आहे, ठाणे जिल्ह्यात. आमच्या बॅचला पण हेच रडगाणं होतं. मला एकच सांग. साडेसातला ग्राउंड संपलं, चहा झाला, मग पोटात अन्न किती वाजता जातं? मेस उघडते कधी? आणि आदल्या रात्री जेवतोस किती वाजता, झोपतोस किती वाजता? दुकानदारानं यातलं काही विचारलं नसणार.

भीमाकाठचा
@सुका_बोंबील दादा मेस अकराला उघडते, जेवण साडेअकराच्या आसपास. मधे चहा आणि पारले नाहीतर खारी. रात्री आठला जेवतो. झोपायला बारा होतात कारण रूमवरची पोरं जागी असतात, साडेचारला उठतो. पाणी मात्र भरपूर पितो, सर म्हणतात प्या म्हणून.

सुका_बोंबील
मग सुन्न होणार नाही तर काय होईल. रात्री आठ ते सकाळी साडेअकरा, साडेपंधरा तास, मधे दोन तास मरमर पळणं, आणि वर साडेचार तासाची झोप. यात कुठलीही पावडर टाक, फरक पडला तरी कळायचा नाही. बाकी इथे मेतकूटताई असतात, त्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांना येऊ दे.

मेतकूट
आले. बोंबीलभाऊंनी मुद्द्याला हात घातलाच आहे, मी थोडं खोलात लिहिते कारण या भरतीच्या मुलांचे मला नेहमी फोन येतात आणि सगळ्यांना पावडरीचं नाव हवं असतं.

आधी हे समजून घ्या की जोरदार व्यायाम झाल्यावर लगेच काही वेळ लक्ष आणि निर्णय थोडे ढिले पडणं यात विशेष काही नाही. मध्यम व्यायामानंतर उलट डोकं तरतरीत होतं, पण पार दमेपर्यंत केलं की काही काळ उलटं होऊ शकतं. विश्रांती, पाणी आणि खाणं मिळालं की हे बहुतेक वेळा तासाभरात निवळतं. तुमचं साडेदहा-अकरापर्यंत लांबतंय म्हणजे निवळायला जे लागतं ते मिळत नाहीये.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण विश्रांतीच्या वेळी ऊर्जा खातो साधारण २० टक्के, दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज. रात्रभर तो भागतो मुख्यतः लिव्हरमधल्या साठ्यावर, आणि तो साठा असतो जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास. पहाटे उठता तेव्हाच तो बराच उतरलेला असतो, त्यावर तुम्ही चारशेचे रिपीट मारता. आता उपाशी पळालं की साखर एकदम खाली कोसळते असं नाही, शरीर सांभाळून घेतं, पण सांभाळून घेताना जी ओढाताण होते ती तुम्हाला गणिताच्या वहीत दिसते.

म्हणून ग्राउंडला जायच्या आधी एक केळं किंवा चार-पाच खजूर. जास्त नको, पळताना पोटात दुखेल. ग्राउंड संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खरं खाणं, तुमच्या वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम कार्बोहायड्रेट. ६० किलोचे असाल तर दोन केळी आणि गुळाचा एक खडा झाला की जवळपास पोचलात. सोबत प्रोटीन, मूठभर शेंगदाणे आणि ग्लासभर दूध मिळून १५ ग्रॅम होतं, भिजवलेले हरभरे घेतले तर आणखी. चहा बिस्किट याला खाणं म्हणत नाहीत, बिस्किटात मैदा, साखर आणि पामतेल.

पाण्याबद्दल. "भरपूर" हा शब्द मला आवडत नाही. ग्राउंडच्या आधी आणि नंतर कोरड्या कपड्यात वजन करा, सरांकडे काटा असेलच. वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोला सव्वा किलो, तर लक्ष लागण्यावर परिणाम व्हायला लागतो. जेवढं उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या दोन-तीन तासांत घोट घोट प्यायचं, आणि त्यात मीठ पाहिजे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि त्याची लक्षणंही डोकं जड, मळमळ, गोंधळल्यासारखं अशीच असतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांत सोडियम कमी निघालं होतं, आणि त्यात शर्यतीत पाणी जास्त पिऊन वजन वाढलेल्यांची संख्या लक्षणीय होती. तुमची दोन तासांची कसरत म्हणजे मॅरेथॉन नाही, तरीही लिंबू-मीठ-साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बरं. मेडिकलमधून ओआरएस घेणार असाल तर पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा आणि पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात (मोठी पुडी एक लिटरला), अर्धी-पाव करत बसू नका. नावात ओआरएस लावून गोड सरबतं विकायची यावर एफएसएसएआयनं (देशाची अन्नसुरक्षा संस्था) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी आणली ती उगाच नाही.

सप्लिमेंटचं संध्याकाळी लिहिते, ओपीडी आहे.

लोखंड_उचल
ताई माहिती छान पण दर वेळी केळं आणि शेंगदाणे हेच सांगता तुम्ही लोक. सायन्स पुढं गेलंय. क्रिएटिनवर तर आता मेंदूचे स्टडी आलेत, आणि हा भाऊ व्हेज आहे म्हणजे त्याला जास्तच फायदा.

आठशे_मीटर
मी पण भरतीवाली, आमचं ८०० असतं. भीमाकाठचा, रक्त तपासलंस का? मला हेच व्हायचं, वाचलेलं ओळ ओळ विसरायचे, वर जिना चढला तरी धाप. हिमोग्लोबिन ११.९ म्हणून सगळे म्हणाले जवळजवळ नॉर्मल आहे, बायकांचं असतंच कमी. मग एका डॉक्टर मॅडमनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करायला लावलं ते निघालं ९. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी मी माणसात आले. मुलांचं कमी होतं पण पळणाऱ्यांचं होऊ शकतं असं त्या म्हणाल्या. आणि गोळी चहासोबत घेऊ नको, लिंबू-पाण्यासोबत घे हे पण. आमच्या ग्रुपमधल्या मुली लोहाच्या गोळ्या नेमानं चहाबरोबर घ्यायच्या.

मेतकूट
@आठशे_मीटर एकदम योग्य बोललीस. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात, तासभर तरी अंतर पाहिजे. आणि मुलींनो, पाळीत जास्त जातं आणि वर पळणं असेल तर फेरिटिन करूनच घ्या, हिमोग्लोबिन खाली यायच्या आधी साठा संपलेला असतो.

आता दुकानातला संच.

कॅफिन. यादीतली खरोखर काम करणारी वस्तू हीच, आणि सगळ्यात स्वस्त पण हीच. सतर्कता वाढते, दमलेलं असताना तर जास्त जाणवते. निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी २०० मिग्रॅ आणि दिवसभरात ४०० पर्यंत चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं म्हटलंय. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये बऱ्याचदा २०० ते ३०० असतं, म्हणजे एका घोटात मर्यादा ओलांडली. त्यात "ब्लेंड" म्हणून एकत्र आकडा देतात, कशात किती ते लिहीतच नाहीत. अर्धं कॅफिन रक्तातून जायला पाचेक तास लागतात, त्यामुळे पहाटेचं एक वेळ ठीक, पण संध्याकाळच्या बॅचला घेतलं तर रात्री बारालाही डोळा लागायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी परत सुन्न. तरतरी हवीच असेल तर खाणं झाल्यावर साडेआठला एक कप स्ट्राँग कॉफी. चहात कॅफिनसोबत एल-थिॲनिन पण असतं, काही लहान प्रयोगांत या दोघांची जोडी लक्ष टिकायला थोडी बरी दिसली, पण तिथे १०० ते २०० मिग्रॅ थिॲनिन दिलेलं, कटिंगमध्ये तेवढं येत नाही.

बीसीएए. याची कल्पना मात्र इंटरेस्टिंग आहे. ऑक्सफर्डच्या न्यूजहोमनी मांडलं होतं की लांब व्यायामात मेंदूत ट्रिप्टोफॅन (प्रोटीनमधला एक घटक) जास्त जातं, त्यातून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढतं आणि थकवा डोक्यातून येतो, बीसीएए त्याची वाट अडवतात. १९९१ मध्ये स्वीडनच्या ब्लोमस्ट्रँड आणि त्यांच्या सोबत्यांनी ३० किमीच्या शर्यतीनंतर रंग-शब्द ओळखायची चाचणी घेतली, बीसीएएवाल्यांचं काम सुधारलं. पण पुढच्या प्रयोगांत चित्र तितकं साफ राहिलं नाही, आणि तुम्ही ३० किमी पळत नाही. वरण, दूध, हरभऱ्यात बीसीएए असतातच. पैसे वाचवा.

ब्राह्मी. रोज ३०० मिग्रॅ अर्क १२ आठवडे घेऊन आठवणीच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसलीये काही प्रयोगांत, व्यायामानंतरच्या सुन्नपणाशी त्याचा संबंध नाही, आणि पोट बिघडतं काहींचं. जिन्कोवर अमेरिकेत तीन हजारांहून जास्त वयस्कर लोकांवर मोठा प्रयोग झाला, २००८ मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश काही टळला नाही.

क्रिएटिन. @लोखंड_उचल, इथे तुमचं अर्धं बरोबर आहे म्हणून सविस्तर सांगते. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात ४५ शाकाहारी तरुणांना रोज ५ ग्रॅम सहा आठवडे दिलं तेव्हा स्मरण आणि बुद्धिमत्तेच्या चाचणीत चांगली सुधारणा आली, सगळे तोच स्टडी दाखवतात. पण २०२३ मध्ये जर्मनीतून १२३ जणांवरचा आला, निम्मे शाकाहारी, तोच डोस तेवढेच आठवडे, तिथे फरक अगदी किरकोळ आणि शाकाहाऱ्यांना जास्त फायदा असंही दिसलं नाही. २०२४ चा जर्मनीतलाच आणखी एक आहे, रात्रभर जागवून १५ जणांना एकदम मोठा डोस दिला, किलोला ०.३५ ग्रॅम, आणि चाचण्या बऱ्या गेल्या. १५ माणसं आणि रात्रभर जागरण, त्यावरून भरतीच्या पोरानं रोज काय घ्यावं हे ठरत नाही. ताकदीसाठी क्रिएटिन चांगलं आहे हे मी स्वतः सांगते, गोळाफेक आणि शंभर मीटरला रोज ३ ते ५ ग्रॅम उपयोगी पडेल. पण सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून किलो-दीड किलो वजन वाढू शकतं, १६०० ला ते अंगावर घेऊन पळायचंय, त्यामुळे भरतीच्या तोंडावर सुरू करू नका. आणि घेत असाल तर किडनीची तपासणी करताना डॉक्टरांना सांगा, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (ज्यावरून किडनीचा अंदाज घेतात ते) वाढलेलं दिसतं आणि उगाच सगळे घाबरतात.

आता जे दुकानात कुणी सांगितलं नाही ते. माळकरी आहात, अंडं नाही, दूध किती पिता ते माहीत नाही. बी-१२ तपासा. आपल्याकडे पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय, १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला त्यात जवळपास दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी होतं. दमणूक, मुंग्या, विसरभोळेपणा, लक्ष न लागणं हे सगळं त्यात येतं. कमी निघालं तर डॉक्टर देतील ती गोळी किंवा इंजेक्शन, त्या संचापेक्षा कितीतरी स्वस्त. सोबत सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन आणि थायरॉईड. तुमच्या यादीत "एकच घ्यायचं तर" याचं उत्तर मी रक्ताच्या रिपोर्टशिवाय देणार नाही.

लोखंड_उचल
ताई २०२३ चा मी वाचला नव्हता, लिंक मेसेज करा. पण मला खरंच फरक पडतो प्री-वर्कआउटनं, ते काय मनाचे खेळ नाहीत.

मेतकूट
फरक पडतोच, २५० मिग्रॅ कॅफिन आहे त्यात, बैलाला पण पडेल. माझा आक्षेप उपाशीपोटी फुल स्कूप आणि वर कडक इंटरव्हल याला आहे. ज्याच्या घरी हृदयाची काही हिस्टरी आहे, बीपी आहे, त्यानं तर अजिबात नाही. जुन्या प्री-वर्कआउटमध्ये डीएमएए नावाचं उत्तेजक सापडायचं, खेळात ते बंदी असलेल्या यादीत आहे, आणि सुट्ट्या डब्यातून काय येतंय याची खात्री कुणी देत नाही. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर आहे का बघणं हे किमान, त्याचा अर्थही फक्त अन्न म्हणून परवाना आहे एवढाच, गुण येईल असा नाही.

सुका_बोंबील
आणि ग्राउंडच्या दिवशी इंजेक्शन घे, गोळी घे म्हणत गेटबाहेर फिरणारे असतात त्यांच्यापासून चार हात लांब. पळताना कोसळलेलं पोर मी बघितलंय, जास्त लिहीत नाही.

दुसरं, वेळापत्रक बदल जरा. ग्राउंडहून आल्यावर नऊला गणित घेऊनच का बसायचं? आम्ही सकाळी चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण करायचो, तेही कालचं उजळणी म्हणून, गणित-बुद्धिमत्ता जेवणानंतर तासाभरानं. रिपीट मारल्यावर धाडकन बसू नको, दहा मिनिटं हळू चाल, एकदम थांबलं की रक्त पायात साचतं आणि गरगरतं. आणि रूमवरच्या पोरांना सांग साडेदहाला लाईट बंद. ऐकत नसतील तर अभ्यासिकेतून उशिरा ये पण कानात बोळे घालून लगेच झोप. दुपारी वीस मिनिटं डोकं टेकलंस तरी चालेल, अलार्म लावून.

भीमाकाठचा
सगळ्यांचे आभार. दुकानात काही घेतलं नाही. गेला आठवडाभर आधी केळं आणि नंतर दोन केळी, शेंगदाणे-गूळ, दूध हे करतोय, मेसवाल्या काकू सकाळी आठला हरभरे भिजवून देतात वेगळे पैसे न घेता. फरक आहे. टेकडीच्या दिवशी जवळपास नॉर्मल वाटतं, रिपीटच्या दिवशी अजून दहापर्यंत जड असतं. वजन केलं, रिपीटला १ किलो ४०० उतरलं म्हणजे ताईंच्या हिशेबात बसतंय. लिंबू-मीठ-साखर सुरू केलं. झोपेचं अजून जमलं नाही, पोरांसोबत भांडण झालंय त्यावरून. रक्त काल दिलं, बी-१२, फेरिटिन, सीबीसी, थायरॉईड, रिपोर्ट सोमवारी.

एक विचारायचं होतं, घरून आईनं सातूचं पीठ पाठवलंय. ते रात्रीच पाण्यात कालवून बाटलीत ठेवलं तर सकाळी ग्राउंडवर न्यायला चालेल का, का आंबतं?

आठशे_मीटर
आंबतं रे उन्हाळ्यात, आणि बाटली धुवायला जीव जातो. कोरडं पीठ, गूळ, चिमूटभर मीठ डब्यात ने आणि तिथं नळावर कालव. आणि सोमवारी रिपोर्ट टाक इथं.

मेतकूट
हो, कोरडंच न्या. आणि रिपोर्टमध्ये बी-१२ कमी आलं तर इथे विचारून गोळी सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा. आकडा बघून मेडिकलमधून स्वतः इंजेक्शन घेणारेही भरपूर आहेत.